कपाळ गार होतं

बेंगळूरला थंड हवेचं गाव म्हणणाऱ्या प्रत्येक माणसावर माझा राग आहे. याहून सौम्य शब्द संपादकांना हवा असेल तर त्यांनी हा लेख दुसऱ्या कुणाकडून तरी मागवावा. मी मूळची निपाणीची. लग्न होऊन जयनगरात आले तेव्हा मलाही इथल्या हवेचं भारी कौतुक होतं. भर मे महिन्यात दुपारी चादर ओढून झोपता येतं, हे मी माहेरी फोन करकरून सांगायचे आणि आईची जळजळ ऐकून खूश व्हायचे. पुढं ज्या कामात पडले त्या कामानं ते कौतुक पार मोडून काढलं.

माझं काम काय, हे सासरी कुणालाच नीट सांगता आलं नाही. माझी नणंद पाहुण्यांना म्हणायची, "आमची वहिनी माणसं पळवते." एका अर्थी ते बरोबरच होतं. एका मोठ्या क्रीडा प्रशिक्षण केंद्रात शरीरशास्त्राची प्रयोगशाळा होती, तिथं मी निवृत्त होईपर्यंत होते. खेळाडूला ट्रेडमिलवर चढवायचं, तोंडावर मास्क बसवायचा, पट्ट्याचा वेग वाढवत न्यायचा, आणि त्याच्या आत काय चाललंय ते मोजत राहायचं. मधूनमधून कानाच्या पाळीला सुई टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा. पळणारा शिव्या घालायचा, मी वेग वाढवायचे. असं आमचं प्रेमाचं नातं.

बाहेरच्या माणसाला हे समजावं म्हणून थोडं सांगते. मास्तरकीची सवय आहे, सहन करा.

आपण पळतो तेव्हा स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा पाय उचलण्याच्या कामी येतो. बाकीची सगळी उष्णता होते. म्हणजे पळणारा माणूस ही चालती चूल आहे, आणि तिच्यावर भांडं ठेवलेलं नाही. ही उष्णता आत साठली तर माणूस शिजेल. म्हणून रक्त ती उचलून कातडीपाशी आणतं, कातडीवर घाम येतो, आणि घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. यातला 'वाळताना' हा शब्द महत्त्वाचा. घाम आल्यानं माणूस गार होत नाही, घाम वाळल्यानं होतो. हवा दमट असली की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि ओघळलेला घाम फुकट गेला. आमच्या बेंगळूरला पाऊस पडून गेल्यावरची सकाळ अशीच असते. अंगाला गार लागते, आणि पळणाऱ्याच्या आत मात्र चूल पेटलेली राहते.

दुसरी भानगड आम्लाची. जीव खाऊन पळताना स्नायूंत आम्ल वाढतं आणि रक्तात उतरतं. रक्ताला हे बिलकूल खपत नाही, त्याला आपला आम्ल-अल्कलीचा तोल फार थोड्या मर्यादेत सांभाळावा लागतो. त्यासाठी रक्तात सोडा असतो, अगदी आपण भज्यात घालतो त्याच जातीचा. तो आम्लाला गाठून त्याची धार मारतो, त्यातून कार्बन डायॉक्साइड निघतो आणि तो बाहेर टाकायला आपण धापा टाकतो. लोकांना वाटतं धाप लागते ती प्राणवायू आत ओढायला. त्यातला बराचसा खटाटोप खरं तर बाहेर टाकण्याचा असतो. मागाहून मूत्रपिंडं सावकाश उरलेला हिशेब पुरा करतात. हे सगळं तुम्हाआम्हाला न विचारता होतं. पळणाऱ्याच्या इच्छाशक्तीचा, जिद्दीचा, संस्कारांचा यात काडीचाही संबंध नाही. हे एवढंच मी नोकरीभर सांगत आले आणि हेच कुणी ऐकून घेतलं नाही.

आमच्या केंद्रात रेणुका नावाची एक मुलगी होती, गोकाककडची. आठशे मीटर पळायची. आठशे मीटर म्हणजे आम्लाची शर्यत. शेवटच्या वळणावर पाय लाकडासारखे होतात, ते त्यामुळंच. एकदा मी मुलांना रक्तातल्या सोड्याचं सांगत होते, तेव्हा तिचे कोच मागं उभे होते. पोटातून सोडा दिला तर रक्ताची आम्ल सोसायची ताकद थोडी वाढते, असे प्रयोग झालेत, हेही मी बोलून गेले. वजनाप्रमाणे मापून द्यायचा, सरावात आधी आठ-दहा वेळा तपासून बघायचा, बऱ्याच जणांना तो मानवत नाही, हे मी पुढं सांगितलं. पण तोवर कोच निघून गेले होते. निवड चाचणीच्या दिवशी त्यांनी किराणा दुकानातून पुडा आणला आणि तांब्याभर पाण्यात अंदाजानं सोडा ढवळून पोरींना पाजला.

दुसऱ्या फेरीत रेणुका सगळ्यांच्या पुढं होती. मग तिनं पोट धरलं, ट्रॅक सोडला आणि सरळ संडासाकडं धावली. त्या दिवशीची सगळ्यात वेगवान धाव तीच होती, असं पुरुष मंडळी नंतर चहा पिताना हसून सांगत होती. कोचनी वर कळवलं की पोरगी मनानं कच्ची आहे, मोठ्या शर्यतीचं दडपण तिला झेपत नाही. मी संचालकांकडं गेले, सोड्याचं सांगितलं. ते म्हणाले, "स्वल्प अॅडजस्ट माडी, मेडम. जरा जुळवून घ्या, कोच सीनियर आहेत." रेणुकाला केंद्रातून घरी पाठवलं. जाताना ती बॅग घेऊन माझ्या प्रयोगशाळेत आली. "मेडम, नंदे तप्पा?" म्हणाली. माझीच चूक का? मी म्हटलं, नाही गं बाई, तुझी काही चूक नाही. तिनं मान हलवली, पण तिचा विश्वास बसला नव्हता. एवढे सगळे मोठे लोक एक सांगताहेत आणि कान टोचणारी ही बाई दुसरंच सांगतेय, तर खरं कोणाचं असणार?

मैदानावर काही बिघडलं की त्याचं खापर शरीरावर फुटतं, आणि शरीर ज्याचं त्याच्यावर. इतकी वर्षं मी हेच बघितलं.

निवृत्तीनंतर गप्प बसायचं ठरवलं होतं. पण तोवर सगळ्या शहराला पळण्याचं वेड लागलं होतं. माझ्याकडं एकेक नग यायला लागले. एक तरुण गृहस्थ बोटात अंगठी घालून आले, ती म्हणे झोप मोजते. "मॅडम, माझं अॅसिड काढून द्या," म्हणाले. ते कसलंसं महाग अल्कलीचं पाणी पीत होते. मी म्हटलं, "अहो, ते पाणी तुमच्या पोटातल्या आम्लात पडलं की खलास. रक्ताचं काम रक्ताला करू द्या. तुम्ही फक्त रोज थोडं हळू पळा." हळू पळा हा सल्ला त्यांना अपमान वाटला. पुन्हा आले नाहीत.

मग व्हाइटफील्डच्या एका कंपनीनं आपल्या वार्षिक धावेसाठी मला सल्लागार म्हणून बोलावलं. दहा किलोमीटर, सगळे कंपनीतलेच लोक. आयोजन करणारा रोहन नावाचा पुण्याचा मुलगा होता. "मॅडम, तुम्ही पण मराठी! मग तर टेन्शनच नाही," म्हणाला. वाईट नव्हता पोरगा. नीट बोलायचा, वेळेवर यायचा. म्हणूनच त्याचा राग जास्त येतो.

मी बैठकीत दोनच गोष्टी मागितल्या. शर्यत संपते तिथं बर्फाच्या पाण्यानं भरलेला एक मोठा टब, आणि आतलं तापमान घ्यायचा थर्मामीटर. हा थर्मामीटर पाठीमागून, गुदद्वारातून आत सरकवायचा असतो. पळून आलेल्या माणसाचं खरं तापमान दुसऱ्या कुठल्याही सोप्या मार्गानं कळत नाही. एच.आर.ची बाई लॅपटॉपच्या आड तोंड नेऊन हसली.

"मॅडम, फॅमिली इव्हेंट आहे हो," रोहन म्हणाला. "लोक व्हिडिओ काढतात. पँट काढून थर्मामीटर म्हणजे... दुसऱ्या दिवशी आपणच व्हायरल."

"प्रथमोपचाराच्या तंबूला पडदे असतात की," मी म्हटलं.

"आणि बेंगळूरमध्ये हीट स्ट्रोक? चेन्नई असती तर समजलो असतो. इथं पंखासुद्धा लागत नाही."

मग कुणाला तरी आठवलं, की कोविडच्या वेळी गेटवर कपाळाला लावायच्या त्या बंदुका घेतल्या होत्या, त्या स्टोअरमध्ये तशाच पडून आहेत. नव्या सेलवर अजून चालतात. सगळ्यांचे चेहरे उजळले. मी परत समजावलं. बंदूक कातडी मोजते, कपाळावर घाम असतो, वारा असतो, कातडी गार लागते आणि आतून माणूस भाजत असतो. दहा किलोमीटरला धोका जास्त, कारण मॅरेथॉनवाला दमाला जपून पळतो आणि दहावाला पहिल्यापासून जोर लावतो, आणि चूल जोरावर पेटते, अंतरावर नाही. उष्माघात झाला तर माणसाला आधी तिथंच टबात बुडवायचं, अंग गार करायचं आणि मग दवाखान्यात न्यायचं. उलट केलं तर तो वाटेत शिजतो. सगळ्यांनी माना हलवल्या. बैठकीत माना हलवतात तशाच.

शेवटी टब मंजूर झाला, थर्मामीटर नाही. मी माझा स्वतःचा थर्मामीटर पिशवीत टाकून गेले.

धावेच्या आदल्या रात्री पाऊस झाला होता. सकाळी ढग, जमीन ओली, झाडांवरून थेंब पडताहेत. ज्याच्या त्याच्या तोंडी "वेदर मस्त आहे!" स्टेजवरचा निवेदक कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा तिन्ही भाषांत हवेची तारीफ करत होता. मी फोनवर बहिणीशी बोलत सुरुवातीच्या रेषेपाशी उभी होते, तेवढ्यात एक मुलगा जवळ आला.

"काकू, तुम्ही मराठी? मी मिरजेचा. अनिकेत."

"मी निपाणीची."

"म्हणजे घरच्याच की!" सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचा. हसरा, काटकुळा. "आज मॅनेजरला मागं टाकणार बघा. वर्षभर तो मला दमवतोय."

मी म्हटलं, "बेतानं पळ रे बाबा, हवा दमट आहे."

"दमट? काकू, किती गार आहे!" म्हणाला, हातातल्या बाटलीतलं पाणी संपवलं आणि रांगेत घुसला.

मी तंबूकडं परत आले तर टब जागेवर नव्हता. तो पलीकडं, एका झगमगीत फलकाखाली नेला होता. फलकावर लिहिलं होतं, रिकव्हरी झोन. हल्ली बर्फाच्या पाण्यात बसायची फॅशन आहे, मोठमोठे लोक बसून व्हिडिओ टाकतात. आमच्या टबात कंपनीचे एक वरचे साहेब गळ्यापर्यंत बसले होते आणि समोर कॅमेरा होता. मी रोहनला गाठलं. तो म्हणाला, "मॅडम, दोनच मिनिटं. काही लागलं तर लगेच रिकामा करू. सरी ना?" ठीक ना, या अर्थाचं ते कन्नड 'सरी ना' तो नुकताच शिकला होता.

अनिकेत शर्यत संपते त्या कमानीच्या थोडा अलीकडं कोसळला. त्याआधी मी त्याला पाहिलं होतं. दारू प्यायल्यासारखा नागमोडी येत होता. पडला, उठला आणि उलट्या दिशेला पळायला लागला. कंपनीच्या स्वयंसेवकांनी त्याला उचलून तंबूत आणलं तेव्हा तो त्यांना घाणेरड्या शिव्या देत होता. थोड्या वेळापूर्वी मला काकू म्हणणारा मुलगा अनोळखी माणसांना आईवरून शिव्या देतो, ही आमच्या धंद्यात धोक्याची घंटा असते. मेंदू तापलेला असतो. मग तो गप्प झाला आणि त्यानं डोळे फिरवले.

तंबूत रुग्णवाहिका देणाऱ्या हॉस्पिटलचा एक तरुण डॉक्टर होता. त्यानं बंदूक कपाळाला लावली. टिक्. आकडा नॉर्मल.

"फीवर नहीं है," तो म्हणाला. "शुगर डाउन है, और पॅनिक. देखिए, कितना तेज साँस ले रहा है."

अनिकेत खरंच भात्यासारखा श्वास घेत होता. शुद्ध हरपलेली, तरी छाती वरखाली होत होती. त्याचं शरीर रक्तातलं आम्ल बाहेर फेकण्यासाठी शेवटची धडपड करत होतं, आणि एका स्वयंसेवक मुलीनं घाबरल्यावर करतात तसं कागदी पिशवी त्याच्या तोंडाला लावली. म्हणजे जे बाहेर टाकायचं तेच परत आत! मी ती पिशवी हिसकावली. पोरगी रडायला लागली. तिला कुणीतरी तसंच शिकवलं होतं, तिचा काय दोष?

मी त्याच्या टी-शर्टच्या आत पाठीला हात लावला. कपाळ गार होतं आणि पाठ तव्यासारखी. "आतलं तापमान घ्या," मी म्हटलं. "थर्मामीटर माझ्या पिशवीत आहे. आणि त्याला आधी टबात घाला. आत्ता, लगेच."

"मॅडम, आप डॉक्टर हैं?"

"शरीरशास्त्रात पीएच.डी. आहे. आयुष्यभर हेच केलंय."

"तो प्लीज," तो म्हणाला. तो उद्धट नव्हता. घाबरला होता. हार्ट अटॅक आला असता तर त्यानं त्या मुलाला वाचवलं असतं, असं मला आजही वाटतं. पण बेशुद्ध माणसाला बर्फात घालायचं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. हृदय बंद पडेल, म्हणाला. डोकं वर धरायला मी आहे, चार माणसं आहेत, मी ओरडत होते. नको म्हणाला.

मी टबाकडं धावले. साहेबांना म्हटलं, "उठा, पोरगं मरतंय." खरं सांगायचं तर त्या दिवशी माझं पहिल्या फटक्यात ऐकलं ते त्या साहेबांनीच. ताडकन उठले, गारठ्यानं कुडकुडत पंचा गुंडाळून बाजूला उभे राहिले. टब रिकामा झाला होता. पण तोवर अनिकेतला स्ट्रेचरवरून रुग्णवाहिकेत चढवत होते.

मी रोहनचा हात धरला. "अरे, त्याला नेऊ नका. आधी गार करा. तुला बैठकीत सांगितलं होतं."

"मॅडम, हॉस्पिटलला जाऊ दे ना," तो पांढराफटक पडला होता. "इथं काही झालं तर?"

त्यातला 'इथं' मी कधी विसरणार नाही. मरायला हरकत नव्हती, फक्त इथं नको होतं. मी बर्फात भिजवलेले टॉवेल रुग्णवाहिकेत फेकले. आतल्या नर्सनं ते आदबीनं उचलून पायाशी ठेवले.

रुग्णवाहिका निघाली आणि थोड्याच अंतरावर थांबली, कारण आमच्याच धावेसाठी रस्ता बंद केला होता. कठडे लावलेले, पलीकडून मागं राहिलेले धावपटू येताहेत, हवालदार हात आडवा करून उभा. वरचा दिवा गरगर फिरत होता. स्टेजवरून निवेदक सगळ्यांना टाळ्या वाजवायला सांगत होता. मी तिथून ते सगळं बघत होते आणि माझ्यापासून चार पावलांवर तो टब, बर्फासकट, रिकामा होता. इतका संताप मला जन्मात कधी आला नव्हता. रडूही येत नव्हतं.

हॉस्पिटलात बऱ्याच वेळानं जेव्हा कुणीतरी आतलं तापमान घेतलं तेव्हा ते बेचाळीस अंशांच्या घरात होतं, म्हणजे आपल्या नेहमीच्या मापानं एकशे सातच्या आसपास ताप. रक्त आम्लानं भरलेलं. मूत्रपिंडांनी हात टेकले होते, काही आठवडे यंत्रावर काढावे लागले. अनिकेत जगला. पण मेंदूचा मागचा भाग, जो तोल सांभाळतो, तो उष्णतेला फार लवकर बळी पडतो. एकदा गेलेल्या पेशी परत येत नाहीत. तो आता धरून धरून चालतो आणि शब्द ओढत बोलतो.

नंतर कंपनीत बैठक झाली, तिला मला बोलावलं. ठरवलेलं वाक्य होतं, शरीरातलं पाणी कमी झाल्यामुळं प्रकृती बिघडली. मी म्हटलं, "पाण्याचा काय संबंध? माझ्यासमोर बाटली संपवून तो धावायला गेला. पाण्यानं भरलेला माणूससुद्धा असा तापू शकतो." रोहन म्हणाला, "मॅडम, पाणी म्हटलं की लोकांना कळतं."

खरंच कळतं. पाणी कमी पिणं ही ज्याची त्याची चूक असते. टब फोटोसाठी दिला, मोजायची लाज वाटली, माणूस गार न करताच हलवला, असं म्हटलं की कुणाकुणाची तरी नावं घ्यावी लागतात. मी तसं म्हणाले. त्यानंतर मला कुणी धावेला बोलावलं नाही. त्याचं दुःख नाही. आता सगळ्या धावांत चौकाचौकांत पाण्याची आणखी टेबलं असतात आणि तंबूत त्याच बंदुका.

अनिकेतकडं मी बऱ्याच महिन्यांनी गेले. तो इलेक्ट्रॉनिक सिटीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, आई मिरजेहून येऊन राहिली आहे. ती माउली दारातच म्हणाली, "या, या. निपाणीच्या ना तुम्ही? ह्यानं सांगितलंय. आपलं माणूस आलं की किती बरं वाटतं बघा." पोहे केले, चहा केला. अनिकेत खुर्चीत होता, मला बघून हसला. तेच हसू, फक्त एका बाजूला थोडं उशिरा पोचलेलं.

त्याच्या हाताशी पाण्याची मोठी बाटली होती. आम्ही बोलत असताना दर थोड्या वेळानं आई म्हणायची, "पी रे." तो दोन्ही हातांनी बाटली धरून प्यायचा, थोडं सांडायचं. "आता पितोय बघा," ती मला म्हणाली. "तेव्हा रोज फोनवर सांगत होते, पाणी पी, पाणी पी. चेष्टा करायचा माझी. ऐकलं असतं एवढं एक, तर आज ही वेळ आली असती का? डॉक्टरपण तेच म्हणाले, कंपनीचे लोकपण तेच म्हणाले. आईचं कोण ऐकतंय!" आणि परत त्याच्याकडं वळून, "मूर्ख कुठला!" अनिकेत मान खाली घालून ऐकत होता.

मला ते बघवेना. त्या दिवशी तंबूत साचलेलं सगळं वर आलं. मी म्हटलं, "वहिनी, त्याला बोलू नका. त्याची काही चूक नव्हती." आणि सगळं सांगितलं. बंदुकीचं, टबाचं, कठड्यांचं. पाण्याचा काही संबंध नव्हता हे सांगितलं. वेळेवर गार पाण्यात घातलं असतं तर बहुतेक चार दिवसांत तो कामावर गेला असता, हेही सांगितलं. मला वाटत होतं मी त्या पोराच्या डोक्यावरचं ओझं उतरवतेय.

माझं संपल्यावर आईनं विचारलं, "म्हणजे मी रोज ह्याला उगाच बोलत होते?" मी काही म्हणायच्या आत ती उठली, पोह्यांच्या बशा गोळा केल्या आणि आत गेली. आतून भांड्यांचा आवाज आला नाही, नळाचाही नाही.

अनिकेतनं आतल्या दाराकडं बघितलं. मग बोलायला लागला. एकेक शब्द जुळवून, थांबून थांबून. "काकू, मला माहीत होतं," म्हणाला. "सगळं वाचलंय मी. दुसरं काय करतोय इथं बसून?"

"मग तिला का नाही सांगितलंस? तुला एवढं बोलते ती."

"ते लोक तिला कुठं भेटणार?" त्यानं श्वास घेतला. "मी पाणी प्यायलो नाही, एवढ्यावर तिचं भागत होतं. आता ती कुणावर रागावणार?"